बंबफोडीसाठी चेनसॉ : एका घराची निवड, पहिला शनिवार आणि पुढचे सहा महिने

पार्श्वभूमी

हे घर खडकवासला धरणाच्या मागच्या अंगाला, सिंहगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माणसांची नावे दिलेली नाहीत. मी यंत्रदुरुस्ती शिकवतो आणि या घरातल्या काकांना त्यांच्या कारखान्याच्या दिवसांपासून ओळखतो. घरात चौघे असतात: चौसष्ट वर्षांचे काका, जे पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, काकू, शहाऐंशीच्या आजी, आणि शनिवार-रविवारी कोथरूडहून येणारा मुलगा. स्वयंपाक गॅसवर होतो. आंघोळीचे पाणी मात्र आजही तांब्याच्या बंबात तापते. आजींना गिझरचे पाणी चालत नाही, आणि खरे सांगायचे तर बाकीच्यांनाही बंबाच्या पाण्याची सवय सोडायची नाही. पावसाळा आणि हिवाळा धरून वर्षातले सात-आठ महिने बंब रोज पेटतो.

इतकी वर्षे सरपणाची अडचण नव्हती. बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्या छाटायच्या, गावातला एक गडी दोन दिवस कुऱ्हाड घेऊन यायचा, पडवीत चळत लागायची आणि वर्ष निघायचे. तो गडी दोन वर्षांपूर्वी धायरीकडे बांधकामावर जाऊ लागला. त्यानंतर काकूंनी वखारीतून बंबफोड, म्हणजे बंबासाठी फोडलेले आखूड लाकूड, मागवून पाहिली, पण टेम्पोच्या भाड्यानिशी ती फार महाग पडली.

अडचण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाचे वादळ झाले आणि बांधावरच्या पाच सुबाभळी व एक जुनी बाभूळ आडवी झाली. शिवाय आंब्याची एक जाड फांदी खोडापासून फाटून लोंबत राहिली. म्हणजे दोन वर्षांचे जळण एका रात्रीत जमिनीवर आले, पण ते ओंडक्यांच्या रूपात.

वेळ कमी होता. पुण्यात मृगाचा पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो. तोपर्यंत लाकूड तोडून छपराखाली गेले नाही, तर ते पावसात भिजत पडणार, सालीखाली कीड धरणार आणि हिवाळ्यात नुसता धूर करणार. बाभळीची आणखी एक खोड अशी की ओली असताना ती करवतीला बरी लागते. वाळली की लोखंडाशी गाठ.

कायद्याचा प्रश्न काकूंनी आधी उपस्थित केला, आणि तो योग्यच होता. ग्रामीण भागात १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, फणस, जांभूळ, चिंच यांच्याबरोबर आंबाही आहे. बाभूळ आणि सुबाभूळ त्या यादीत नाहीत. म्हणून आंब्याच्या उभ्या झाडाला हात लावायचा नाही, फाटलेली फांदी तेवढी उतरवायची आणि तीही तलाठ्याला सांगून, असे ठरले. हेच घर २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी एखाद्या गावात असते, तर १९७५ चा नागरी क्षेत्रांचा वृक्षसंरक्षण कायदा लागू झाला असता आणि महापालिकेच्या उद्यान विभागाचे दार ठोठावावे लागले असते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय माणसाचा होता. शेजारच्या वाडीत चेनसॉ (यंत्रावरची साखळी-करवत) घेऊन रोजावर जाणारा एकजण होता, पण वादळानंतर त्याला तीन आठवड्यांची कामे आधीच लागली होती.

दुसरा पर्याय विजेवर चालणाऱ्या चेनसॉचा. सुमारे दोन हजार वॅटचे यंत्र नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, म्हणजे त्याला सोळा अँपिअरचा पॉवर प्लग हवा. पडलेली झाडे घरापासून साठ मीटरवर होती. मुलाने घरातली साधी एक चौरस मिलिमीटरची वायर जोडून काम भागेल असे गृहीत धरले होते. एवढ्या लांबीत जाऊन-येऊन तिच्यात जवळजवळ वीस व्होल्ट खर्ची पडतात, आणि गावात संध्याकाळी मुळातच दाब कमी असतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली असती तर ही घट आठ व्होल्टवर आली असती. पण तो हिशेब त्या वेळी कोणी केला नाही. ‘गुरुवारी लाईट नसते, आणि पावसात वायर कोण ओढत बसणार’ एवढ्यावर हा पर्याय निकालात निघाला.

बॅटरीवरच्या यंत्राचा विचार पाच मिनिटांत संपला, कारण दोन बॅटऱ्यांसह त्याची किंमत ऐकून काका उठूनच गेले.

राहिले पेट्रोलचे यंत्र. इथे दुकानात दोन नमुने समोर आले. एक नामांकित बनावटीचा, चाळीस सीसीच्या आतबाहेर इंजिन आणि सोळा इंची बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ते लांब पाते) असलेला. दुसरा बिननावाचा, अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची बार, आणि किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. दुकानदाराने दुसरा तिथेच दोन ओढींत चालू करून दाखवला. ‘बाभळीला हाच लागतो, छोटा दमेल,’ असे तो म्हणाला आणि काकांना ते पटले.

या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच, आणि माझ्या मते तो चुकला. त्यांनी यंत्र निवडले ते आवारातल्या सर्वांत जाड ओंडक्याकडे पाहून. त्या बाभळीचा घेर चार फूट होता, म्हणजे व्यास साधारण एकोणचाळीस सेंटिमीटर, पंधरा इंचांपेक्षा थोडा जास्त. सोळा इंची बारने ती एका बाजूनेही कापली गेली असती आणि चौदा इंचीने दोन बाजूंनी. बावीस इंचांची गरज कुठेच नव्हती. लांब बार म्हणजे जास्त वजन, धार लावायला जास्त दाते, आणि टोक नजरेपासून अधिक दूर. टोकाच्या वरच्या कोपऱ्याला लाकूड लागले की यंत्र अंगावर उसळते, आणि ते टोक कुठे आहे हे नवख्याच्या लक्षात राहत नाही. भरल्या टाकीनिशी ते यंत्र आठ किलोंच्या आसपास भरत होते.

विचारायला हवा होता तो प्रश्न बंबाचा. चुलीत लांब फाटा घालून पुढे सरकवत जाता येते, बंबात तसे चालत नाही. बंबाच्या मधल्या नळीत वरून लाकूड टाकावे लागते. या घरच्या बंबाला नऊ इंचांपेक्षा लांब आणि मनगटापेक्षा जाड तुकडा चालत नाही. पाच मीटरचा बुंधा दीड-दीड फुटांवर कापला तर दहा काप होतात, नऊ इंचांवर कापला तर एकवीस. सुबाभळींचे सुमारे तीस मीटर लाकूड नऊ इंचांवर कापायचे म्हणजे एकशेतीस काप, फांद्या वेगळ्या. म्हणजे खरे काम होते ते पायाच्या पोटरीएवढ्या लाकडाचे शेकडो छोटे काप, तेही दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे. बाभळीचा बुंधा हा वादळाने एकदाच दिलेला प्रसंग होता.

पहिला शनिवार

पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला नकार मिळाला, तेव्हा मुलगा परत येऊन पत्र्याचा कॅन घेऊन गेला. मग पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलच्या प्रमाणावरून वाद झाला. काकांनी चोवीस वर्षे चेतक चालवली होती. आकुर्डीत १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या त्या टू-स्ट्रोक स्कूटरने पुण्यातल्या एका पिढीला दोन टक्क्यांचा हिशेब तोंडपाठ करून दिला: लिटरला वीस मिलिलिटर. यंत्राच्या पुस्तिकेत मात्र पंचविसास एक, म्हणजे लिटरला चाळीस मिलिलिटर, असे लिहिले होते. काही कंपन्यांच्या स्वतःच्या ऑइलला पन्नासास एक चालते, पण ते त्यांच्या यंत्रांच्या पुस्तिकेत तसे छापलेले असते. चेनसॉचे इंजिन मिनिटाला दहा हजारांपुढे फेरे घेते. ऑइल कमी पडले तर पिस्टनवर ओरखडे येतात आणि इंजिन जाम होते, थोडे जास्त झाले तर धूर वाढतो आणि स्पार्क प्लग काळा पडतो. या दोन चुकांपैकी दुसरी परवडणारी आहे. काकूंनी पुस्तिका पुढे ठेवून चाळीसचा आग्रह धरला आणि त्यांचेच चालले.

यंत्र चालू करताना मात्र चेतकचाच अनुभव कामाला लावला गेला. काकांनी चोक (गार इंजिनाला हवा कमी करून जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढला, यंत्र ओट्यावर ठेवले आणि मुलाने दोरी ओढायला सुरुवात केली. पाचव्या की सहाव्या ओढीला आत एकदा ‘फट्’ झाले आणि बंद पडले. शेजारच्या घरी मिक्सर चालू होता. कोणाला तो आवाज महत्त्वाचा वाटला नाही. खरे तर तो ऐकू आला की चोक आत ढकलायचा असतो. इथे चोक तसाच राहिला आणि ओढणे चालू राहिले. मुलाने पुढे मला सांगितले की पंचविसाच्या पुढे मोजणे सोडून दिले.

काकांनी मग यंत्र कुशीवर तिरके केले. सकाळी चेतक रुसली की ती तिरकी करून किक मारायची, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता आणि तो चालायचा, कारण स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) फ्लोटची, म्हणजे पेट्रोल साठणारी, वाटी असते; तिरकी केली की थोडे जास्त पेट्रोल आत उतरते. चेनसॉ आडवातिडवा धरूनही चालला पाहिजे म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये वाटीऐवजी पडदा असतो. त्याला तिरके करून काही साधत नाही. शिवाय इथे पेट्रोल कमी पडलेले नव्हते, उलट ओव्हर झाले होते. चेनचे ऑइल तेवढे ओट्यावर सांडले.

यानंतर मुलाने ओळखीच्या एका माणसाला करताना पाहिले होते तसे केले: यंत्र एका हाताने हवेत धरून खाली झटकायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने दोरी ओढायची. तोवर चोक आत ढकलला गेला होता, चेन फिरू न देणारा चेन ब्रेक लावलेला नव्हता, आणि थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) अर्धा अडकलेला होता. तिसऱ्या झटक्याला इंजिन एकदम पेटले आणि चेन वेगाने फिरू लागली. हातातले वजन खाली चालले होतेच. बारचे टोक डाव्या गमबुटाच्या बाहेरच्या अंगाला लागून पुढे जमिनीत गेले आणि इंजिन बंद पडले. गमबुटाचे रबर दोन इंच चिरले होते. आतला मोजा शाबूत होता.

काकूंनी यंत्र उचलून पडवीत ठेवले आणि म्हणाल्या, ‘आता उद्यापर्यंत याला कोणी हात लावायचा नाही. आधी कोणाला तरी विचारा.’ या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता. संध्याकाळी मला फोन आला.

रविवार

प्लग काढला तेव्हा तो ओला होता आणि पेट्रोलचा वास हातभर अंतरावरून येत होता. प्लग फडक्याने पुसून बाजूला वाळत ठेवला. चोक पूर्ण सोडून, स्विच बंद करून, प्लगचे भोक अंगापासून दुसरीकडे वळवून मुलाला सहा वेळा दोरी ओढायला लावली. आतले जास्तीचे पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर आले. ते वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला.

मग पुन्हा सुरुवातीपासून, पण जमिनीवर. आधी पुढच्या मुठीसमोरची आडवी दांडी पुढे ढकलून चेन ब्रेक लावला. प्राइमरचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढून आणणारा, रबरी फुगा पाच वेळा दाबला. स्विच चालू, चोक ओढलेला. डावा हात पुढच्या मुठीवर सरळ, अंगठा खालून वळलेला. उजव्या बुटाचे टोक मागच्या मुठीच्या कड्यात दाबलेले. बारचे टोक जमिनीला लागत नाही ना, हे पाहिले. दोरी आधी सावकाश ओढायची, आत अडल्यासारखे लागले की तिथून जोरात. हात पूर्ण लांब नेऊन दोरी तोडायची नाही आणि ती मोकळी सोडून आपटूही द्यायची नाही. मुलाला मी एकच सांगितले होते: कान फक्त त्या पहिल्या ‘फट्’वर ठेव. चौथ्या ओढीला तो आला. तिथेच थांबून त्याने चोक आत ढकलला. पुढच्या दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झाले. थ्रॉटल एकदा दाबून सोडल्यावर ते आपल्या मंद गतीवर आले, आणि मगच ब्रेक मागे घेतला. ब्रेक लावून वाढीव गतीवर चालू ठेवले तर क्लच जळतो, म्हणून तो दाबून-सोडायचा क्षण लांबवायचा नाही.

गरम इंजिन पुन्हा चालू करताना चोकला हात लावायचा नाही, हे काकांनी स्वतःच सांगितले. चेतकलाही तसेच असायचे.

पहिल्या चार ओंडक्यांनंतर मात्र करवतीतून बारीक पिठासारखा भुसा येऊ लागला. धार चांगली असते तेव्हा लाकडाच्या ढलप्या पडतात. शनिवारी टोक जमिनीत गेले तेव्हाच दाते मारले गेले होते. गोल कानस घेऊन प्रत्येक दात्याला सारखे तीन-तीन हात दिले, आधी एका बाजूचे सगळे दाते आणि मग दुसऱ्या बाजूचे. बावीस इंची चेनला हे करायला पाऊण तास लागला. त्यानंतर आम्ही ओंडका वरून दोनतृतीयांश कापायचा, मग लोळवून उरलेला वरूनच कापायचा, अशी पद्धत ठेवली, म्हणजे चेन माती-दगडाला लागत नाही. दोन्ही टोकांवर टेकलेला बुंधा मधोमध वरून कापताना बार चिमटला गेला; लाकडाची पाचर ठोकून तो सोडवला आणि पुढचे तसे काप वरून थोडे आणि उरलेले खालून घेतले.

सुरक्षेच्या साधनांत घरात फक्त गॉगल होता. चेन लागताच जिच्यातले तंतू बाहेर येऊन चाकात गुंततात आणि ती जागीच थांबवतात, अशी मांडीवरची संरक्षक पँट दुकानात मिळाली नाही, मागवावी लागली. ती यायला आठवडा लागला आणि तोपर्यंत मुलाने माझी वापरली. हे सामान यंत्राच्या पावतीवरच असायला हवे होते.

निष्पत्ती

दोन शनिवार-रविवारांत सगळे लाकूड आडवे कापून झाले. मृग लागण्याच्या तीन दिवस आधी पडवी भरली होती. इथपर्यंतचा हिशेब यशाचा आहे.

पण घाईत सगळे तुकडे दीड फुटांचे झाले होते. श्रावणात पहिल्यांदा नव्या लाकडाने बंब पेटवायला घेतला, तेव्हा आजींनी एक तुकडा नळीवर धरून पाहिला आणि तो बाहेर नऊ इंच राहिला. म्हणजे सुबाभळीचा प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध कापायचा होता. कुऱ्हाडीने उभे फोडणे काकांना जमते. आडवे तोडणे या वयात जमत नाही. आणि पन्नास तुकडे कापण्यासाठी दर वेळी पेट्रोल मिसळून आठ किलोंचे धूड अंगणात चालू करायचे, तर आजी आवाजाने घरात दार लावून बसत.

दिवाळीच्या आधी, अभ्यंगस्नानासाठी जास्त जळण लागणार म्हणून यंत्र बाहेर काढले, तेव्हा ते चालूच होईना. या वेळी चोकचा दोष नव्हता. जूनमध्ये उरलेले मिश्रण टाकीत तसेच राहिले होते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याला ओलाव्याची कमतरता नव्हती. टाकीच्या तळाशी ढगाळ थर बसला होता, कार्बोरेटरचा पडदा कडक झाला होता. या यंत्राच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली आहे. ते पान तोवर कोणी वाचले नव्हते. मीही नव्हते, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे.

पडदा बदलून यंत्र चालू झाले. त्याच आठवड्यात काकूंनी स्वतः जाऊन विजेवरचा, चौदा इंची बारचा साधा चेनसॉ आणला आणि अडीच चौरस मिलिमीटरची दहा मीटर वायर. काकांनी उरलेल्या सुबाभळीच्या दांड्यांची, लाकूड ठेवून कापायची एक घोडी केली. तिच्यावर तुकडे आडवे रचून दहा मिनिटांत आठवड्याची बंबफोड होते. घोडीच्या एका पायावर नऊ इंचांची खूण कोरलेली आहे.

काय वेगळे करता आले असते

आज हाच प्रसंग पुन्हा आला तर मी क्रम उलटा लावायला सांगेन. बाभळीच्या बुंध्यासाठी त्या रोजावरच्या माणसाची तीन आठवडे वाट पाहता आली असती. जाड बुंधा सालीसकट थोडे दिवस उघड्यावर राहिला तर फार बिघडत नाही, धोका असतो तो बारीक लाकडाला. पाचही सुबाभळी घरच्यांनी कोयत्याने छाटून, दोन-दोन मीटरचे दांडे करून घराजवळ ओढून आणल्या असत्या, तर विजेचा चेनसॉ पहिल्याच दिवशी पुरला असता. साठ मीटर वायरचा प्रश्न निघाला तो यंत्र लाकडापर्यंत न्यायचे असे धरल्यामुळे. बाभळीचा बुंधा ओढता येत नाही, सुबाभळीचा दांडा येतो.

पेट्रोलचेच यंत्र घ्यायचे असेल, तर दुकानात चालू झालेले पाहणे पुरेसे नाही. दुकानदाराने ते आधी चालवलेले, गरम असू शकते. गार यंत्र आपल्या हाताने, जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून चालू करून पाहावे. मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करावे. काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही राहत नाही. चेनसाठी जळके ऑइल वापरायचा मोह या घरातही झाला होता. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी बार आणि पंप दोन्ही झिजतात, म्हणून तो डबा मी गोठ्यामागे ठेवायला लावला.

एका मुद्द्यावर काकांचे आणि माझे अजून जुळलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की अठ्ठावन्न सीसीचे यंत्र नसते तर बाभूळ पावसाआधी घरात आली नसती, आणि ते खरे आहे. माझे म्हणणे असे की त्या बाभळीच्या दहा कापांसाठी दिलेली किंमत, पडद्याचा खर्च आणि एक गमबूट धरला, तर रोजावरचा माणूस स्वस्त पडला असता. यंत्र सध्या टाकी रिकामी करून, बारला ऑइल लावून माळ्यावर ठेवलेले आहे. ते विकायचे की पुढच्या वळवासाठी ठेवायचे, हे त्या घरात अजून ठरलेले नाही.